शेवटच्या रांगेतून

प्लोव्हदिवमध्ये, नदीकाठच्या पुस्तकांच्या दुकानात
मी एकतीस खुर्च्या मांडल्या.
माणसं आली एकोणीस,
त्यातली चार-पाच निव्वळ हीटरपाशी बसायला.

प्राध्यापक ल्युबेन यांचं पुस्तक जाडजूड.
सत्ता आणि वृत्तपत्रं यांच्यातलं अंतर
त्यांनी टक्क्यांत मोजलंय,
तळटीपाच चाळीस पानं.
रादोस्तिनाचं बारीक :
बंद पडलेल्या पेपरात काढलेली अकरा वर्षं.
"माझ्याकडे आकडे नाहीत," ती म्हणाली,
"फक्त मालकांचे फोन आहेत,
रात्री साडेदहानंतर आलेले."
सगळे हसले. ती नाही.

मग मालकी, जाहिराती, मौन.
मौनावर दोघंही बराच वेळ बोलले.

शेवटच्या रांगेतून मेथोदी उठले,
छापखान्यातले, निवृत्त.
कानांनी कमी ऐकू येतं, म्हणून जरा मोठ्यानंच :
"ती बातमी काढली ना, त्या रात्री
पान भरेना. बारा ओळींचा खड्डा.
मी तिथे हवामान टाकलं,
उद्या लख्ख ऊन.
मनानंच.
हे तुमच्या कुठल्या प्रकरणात येतं?"

ल्युबेन अनुक्रमणिका उघडून शोधू लागले,
खरंच, अगदी मनापासून.
रादोस्तिनानं विचारलं, "मग, पडलं होतं?"
"काय?"
"ऊन."

"छे, दिवसभर धो धो पाऊस," मेथोदी म्हणाले,
"आणि एकाही वाचकाचं
पत्र आलं नाही."

जाड पुस्तकाच्या दोन प्रती गेल्या, बारकाच्या पाच.
सगळे पांगल्यावर मी आधी उचलल्या
त्या रिकाम्या राहिलेल्या
बारा खुर्च्या.