नकाशा क्रमांक चार

निवडून आल्यावर पहिल्याच आठवड्यात
लुलवाबाई माझ्या टेबलाशी येऊन बसल्या.
(लुलवाबाई आपलं मी मनात म्हणतो,
बाकी सगळ्यांच्या त्या उम्म तलाल.)
पिशवीतून एक शाळकरी वही काढली,
दारोदार फिरून लिहून घेतलेली.
म्हणाल्या, याचे प्रस्ताव करायचेत,
तू नकाशे जोड.

मुहर्रकच्या जुन्या फरीजचं सगळं गाऱ्हाणं त्या वहीत.
कोणाच्या दारात गटाराचं झाकण रात्रभर वाजतं,
शाळेपुढून गाड्या कशा सुसाट जातात,
कोणाच्या खजुरीला पालिकेचं पाणी पोचत नाही,
आणि मासळीबाजाराच्या थांब्यावर
बसची वाट बघणाऱ्यांना सावली नाही.

सावली मी मन लावून काढली.
चार खांब, पांढरा पत्रा, लाकडी बाक.
बाईंनी चष्मा कपाळावर सरकवून पाहिलं.
बाक लांब कर, म्हणाल्या,
बायका पिशव्या घेऊन बसतात, पिशव्यांनाही जागा लागते.
मी बाक लांब केला.
आमच्या दाभोळला ग्रामपंचायतीचा मेंबर
निवडून आला की थेट पुढल्या निवडणुकीला दिसायचा.
इथे मला मत नाही,
तरी वाटलं, असतं तर यांनाच दिलं असतं.

मग चौथं पान.
कुटुंबांच्या वस्तीत बॅचलर नकोत.
एका खोलीत सहा-सहा जण, गॅलरीभर लुंग्या,
जिन्यात चपलांचा ढीग,
हाज्जा मूझाच्या नातीला खाली उतरायचा संकोच वाटतो.
खोटं काहीच नव्हतं.
लुंग्यांतल्या दोन माझ्या होत्या.

बॅचलर म्हणजे
सिल्हेटचा मोजम्मिल, दोन मुलींचा बाप.
करीमनगरचा पोचय्या, गेल्या चैत्रात आजोबा झाला.
आणि मी,
लग्नाला चौदा वर्षं,
दर शुक्रवारी जमीला विचारते, जेवलात का,
आणि मी जेवण्याआधीच हो म्हणतो.

बाई सांगत गेल्या, मी लाल तिरप्या रेघा मारत गेलो.
ही इमारत. ही. पलीकडची नको, तिथे डॉक्टर राहतो.
माउस आमच्या जिन्यापाशी आला.
बोटाच्या पेराएवढी रेघ वळवली असती
तर आमची खोली बाहेर राहिली असती.
कोण मोजायला येणार होतं?
पण नकाशा खोटा काढायचा हात नाही माझा,
की भीती होती, देव जाणे.
रेघ सरळ गेली.
तुझी खोली कुठेय रे, बाईंनी सहज विचारलं.
इथेच, जवळच, म्हटलं.
त्या वहीत पुढचं पान शोधत होत्या.

सभेत सावली एकमताने मंजूर झाली.
गतिरोधकांना निधी नाही.
खजुरी समितीकडे.
चौथा प्रस्ताव सात विरुद्ध एक.
तो एक कोण, हे मी इतिवृत्तात शोधलं नाही,
शोधलं असतं तर उगाच त्याला सलाम करावासा वाटला असता.

आता मी सलमाबादला राहतो, गॅरेजांच्या मागे.
सकाळी दोन बस बदलतो
आणि मासळीबाजारापाशी उतरतो.
हाज्जा मूझाची नात बाकावर पुस्तक उघडून बसलेली असते,
शेजारी तिची पिशवी, ऐसपैस.
बाईंनी सांगितलं ते बरोबरच होतं.

एक चूक मात्र राहिली, माझीच.
दुपारी तीननंतर ऊन समोरून, रस्त्यावरून येतं.
मी छप्पर काढलं, समोरचा आडोसा काढला नाही.
परतीच्या वेळी बाकावर चटका बसतो
आणि पत्र्याची सावली मागे पडते, बंद दुकानाच्या पायरीवर.
तिथे एक पिवळं मांजर झोपतं.
अजून कोणी तक्रार केलेली नाही.
वहीचं नवीन पान उघडलं की
सांगेन म्हणतो बाईंना.