अर्थिंग

मेगरचा काटा शून्यावरून उठलाच नाही.
इन्स्पेक्टर म्हणाला, घराला अर्थिंगच नाही,
इतकी वर्षं राहिलात कसे?

चप्पल घालून.
तांडापेठेत मे महिन्यात कूलरला
चप्पल घालूनच हात लावायचा, तोही उलटा,
हे आम्हाला पाढ्यांच्या आधी आलं.

मग हेडाऊ आला. बाप विणकर, हा वायरमन.
भिंतीवरच्या सागवानी पट्ट्या उचकटल्या त्यानं.
आत कापडी वायर, बोट लावताच भुगा,
आणि एका जोडावर बाबांनी गुंडाळलेली
दवाखान्यातली चिकटपट्टी.
"काहून जी काकू, वायरीले लागलं होतं का?"
आई हसली.
मग बराच वेळ काही बोलली नाही.

मोरीमागं खड्डा. मीठ, कोळसा, तांब्याची पट्टी.
"उन्हाळाभर बादलीभर पाणी टाकत जा."
ती टाकते. नळ आला नाही त्या दिवशी
पिण्यातलं.

दुसऱ्या खेपेला काटा उठला,
कागदावर शिक्का बसला, हेडाऊनं
जुने किटकॅट पिशवीत भरून नेले.

रात्री मी अनवाणी उभा कूलरपुढं,
ओल्या फरशीवर, मुद्दाम.
हात पुढं केला.
उलटाच गेला.