शेऱ्याचा रकाना

माझ्याकडं अंगणवाडीची बत्तीस पोरं
आणि मतदार यादीतली अकराशे चौदा माणसं.
पोरं हजेरी देतात.
माणसांच्या दारात मी जाते, गुजरीच्या मागच्या बोळातून,
आणि नावापुढं शेरा लिहिते:
मयत. दुबार. स्थलांतरित.

आक्काताई पोवार जाऊन तीन वर्षं झाली.
सून म्हणते, ऱ्हाऊ दे की ओ बाई नाव,
त्याला काय भाडं पडतंय?
साळोख्यांचा थोरला पुण्यात, धाकटा कॅनडात,
दोघांची नावं इथंच,
चपला दारात विसरल्यासारखी.
शिरोळकर वकील दर मतदानाला सुट्टी जोडून आंबोलीला जातात
आणि परत आले की कट्ट्यावर
राज्य कसं चालवावं ते सांगतात.

त्यांच्या डोक्यावर, लाकडी जिन्यानं गेलं की, निताई माइती.
घाटालहून आला त्याला बावीस वर्षं झाली.
फुंकणीच्या निळ्या जाळावर कुणाच्या तरी लग्नाचा साज.
मासा, कासव, कमळ, भुंगा,
एकवीस पानं तो न बघता सांगतो.
मी म्हणायची, नाव घाला की इथं.
तो म्हणायचा, इथं घातलं की तिथलं कापणार.
उद्या कुणी इचारलं, तुझा बाप कुठला,
तर कुठली यादी दाखवू, बाई?
मी कोरा अर्ज ठेवून यायची.
पुढच्या खेपेला त्यात चांदीचा चुरा बांधलेला असायचा.
सहा वर्षं हेच.

मी समजावत होते खरी,
पण माझं माहेर निपाणी.
बाबांनी जन्मभर एकाच गोष्टीसाठी मत दिलं,
की गाव ह्या बाजूला यावं.
गाव आलं नाही. मी आले, लग्न होऊन.
तिथल्या यादीत माझ्या नावावर आडवी रेघ पडली
तेव्हा बाबा म्हणाले, एक मत कमी झालं.
मुलगी गेली, असं नाही म्हणाले.

यंदा निताईनं अर्ज भरला.
का, ते बोलला नाही.
पोरगी सातवीत आहे, कदाचित ते.
कदाचित बोळातलं गटार.

मतदानादिवशी साडेदहाला आतून मला हाक आली.
गडहिंग्लजकडचे एक सर
निताईचं बोट धरून बसलेले:
शाई लागलीय की. मत देऊन आलाय तुम्ही.
खरंच काळं होतं बोट, नखाच्या कडेपर्यंत.
तेजाबात चांदी विरघळवणाऱ्याचं बोट
बारा महिने मत दिल्यासारखंच दिसतं.

निताई म्हणाला, सर, तुमच्या शाईत चांदीच असती.
मी रोज लावतो.

कुणी हसलं नाही.
एका एजंटानं त्याचे उच्चार ऐकले आणि खुर्ची मागं सारली.
मग सर्जेराव इंगवले,
कळवळून नव्हे, कंटाळून, म्हणाला,
ओ सर, माझ्या बायकूचा साज ह्येनंच घडवलाय.
ह्येचा हात असलाच असतोय. सोडा की,
रांग पार चौकात गेलीया.

सर चष्मा वर करून
त्या बोटावर मोकळी जागा शोधत राहिले.
सापडली एक. नखाच्या मुळाशी, तांदळाएवढी.

संध्याकाळी आकडा भरला: सातशे एकोणतीस.
वकिलांच्या कुंड्यांना पाणी घालायला कस्तुराबाई आल्या होत्या.
त्यांचं नाव विजापूरच्या यादीत.
आणि निताईचं घाटालचं कापलं गेलं की राहिलं,
मला ठाऊक नाही. विचारायला हवं होतं.
त्याच्या ओळीशी पेन थांबलं,
शेऱ्याचा रकाना तसाच सोडला.

रात्री बाबांचा फोन. दिलंस का मत?
दिलं, म्हटलं.
कुणाला, हे आमच्यात विचारत नाहीत.
थोडा वेळ नुसताच श्वास ऐकू आला.
मग म्हणाले,
इकडं आमचं अजून व्हायचंय.