वरची बारीक ओळ

मी जकार्डची कार्डं पाडतो.
साखर पेठेत, जिन्याखालच्या खोलीत,
पंखा बंद ठेवून. कागद उडतात.
भोक असलं की धागा उठतो,
नसलं की खाली राहतो.
राहतो मात्र, कुठं जात नाही.
एवढंच मला येतं.

केतुराबाई रणदिवे मे महिन्यात आल्या,
भर दुपारी. छत्री मिटली,
तांब्याभर पाणी प्याल्या
आणि पिशवीतून एक वही काढली,
पिवळी, कण्याला कापडी पट्टी.
"ही पियानोची. हिच्या पोटात
क्लॅरिनेटचा सुटा कागद असायचा.
शद्रक गेला तेव्हा तो त्याच्या पेटीतून गेला."
कुठं, ते मी विचारलं नाही.
आमच्या पूर्व भागात गेला म्हणजे भिवंडी, सुरत,
नाहीतर ते दुसरं.

पानावर तीन-तीन ओळींचे जुडगे.
खालच्या दोन ठसठशीत, बाईंच्या बोटांच्या.
वरची एक बारीक,
साखरेकडं निघालेल्या मुंग्यांसारखी.
"ही त्याची. साथ करणाऱ्याला कळायला नको,
समोरचा कुठवर आलाय?"
मग चष्मा पुसत म्हणाल्या,
"त्याच्या कागदावर मी नसायचे.
मी एकटी वाजवत असेन तिथं
नुसता एक आकडा. आठ.
म्हणजे आठ घरं गप्प बस.
तेवढी वरची ओळ उतरून दे, दुडम. मोठी करून.
तुझा हात बारकाव्याचा आहे."

चार रात्री उतरवत होतो
नक्षीच्याच कागदावर, तांबड्या चौकटींच्या.
काळा ठिपका, पोकळ ठिपका,
एक शेपूट, दोन शेपट्या.
चादरीवरच्या मोराला मी कधी विचारलं नाही
तू काय बोलतोस,
तसं यांनाही नाही.
बायको म्हणाली, "काय करलालाव हे?"
म्हटलं, भोकं मोजतोय.
जिथं काहीच नव्हतं
तिथं आठ लिहिलं.

रविवारी चर्चमागच्या हॉलमध्ये बोलावलं.
पियानोच्या आत पाण्याची वाटी ठेवलेली,
या उन्हात लाकूड तडकतं म्हणून.
लष्करातला मौलाली आला होता, वरातीच्या बँडमधला,
खांद्यावरची सोनेरी झालर अर्धी उसवलेली.
दोन वर्षं दर सोमवारी
बाईंकडं ही लिपी शिकत होता.
माझा कागद त्यानं चिमट्यानं स्टँडला लावला.

बाईंनी सुरू केलं.
तो चपलेच्या अंगठ्यानं घरं मोजत होता,
ओठ मिटून. सात. आठ.
मग शिरला.

मला त्यातलं कळतं असं नाही.
पण माग नीट चालला की पायाखाली जे लागतं
तसं काहीतरी लागत होतं,
आणि मध्येच एक सूर असा फाटला
की भिंतीवरची पाल सरकली.
बाई थांबल्या. वही नाकाजवळ नेली.
"अरे, हा ठिपका नाही!
हा शेंगाचटणीचा डाग आहे.
जेवताना वही घेऊन बसायचा, किती ओरडायचे मी."
आणि हसल्या, पोट धरून,
मौलालीही हसला, मी सोडून सगळे.
चुकीचं भोक पडलं तर आम्ही वरून चिकटी लावतो.
मी कागदाचा तुकडा शोधायला लागलो.
"राहू दे," म्हणाल्या. "पुढं चला."

तिसऱ्या पानावर, ओळीच्या डोक्यावर,
पेन्सिलीचा एक स्वल्पविराम होता.
छापलेला नव्हता, हे मला काय ठाऊक.
मी तोही उतरवला होता, इमानानं.
मौलालीनं तिथं श्वास घेतला.

बाईंचे हात त्याच्या आधीच थांबले होते,
पट्ट्यांपासून बोटभर वर.

नंतर त्यांनी हिशेब विचारला.
मी कार्डाच्या भावानं लावला, अकरा कागद.
म्हटलं, डागाचे कापून घ्या.
त्यांनी पुरते दिले.