उद्याचं तापमान

मरोळच्या औद्योगिक वसाहतीत, एकोणीस नंबरच्या गाळ्यात,
पुरणपोळ्या गोठवून परदेशी पाठवतात.
उल्का आज तिथे ऑडिटला गेली होती.
रात्री जेवताना तिने पर्समधून काढली
जखमेवर लावायची एक पट्टी. निळी.
निळीच का, मी विचारलं.
"निळ्या रंगाचं आपण काही खात नाही," ती म्हणाली,
"पिठात पडली तर लगेच दिसावी."

मी घास तसाच धरून बसलो.
वीस वर्षं बँकेत आराखडे काढतोय:
धंद्याचा थर, माहितीचा थर, यंत्रांचा थर,
कांद्यासारखे एकावर एक,
आणि त्यांना जोडणारे बाण.
सगळे बाण निळे.
आमच्याकडे निळा म्हणजे मंजूर.

तिच्या शास्त्रात आधी धोका विचारतात.
केस कुठून पडेल, काचेचा कण, झुरळाचा पाय,
डाळीतला खडा, दुपारी गेलेली वीज.
आमच्या शास्त्रात आधी विचारतात, दृष्टी काय?
दृष्टीला एक अख्खं पान असतं.
त्यावर सूर्य उगवत असतो.

तिला एक पाकीट द्या. मागचा आकडा वाचून
चार तासांत सांगेल
गूळ कुठल्या गुऱ्हाळाचा,
लाटणाऱ्या बाईच्या बोटाला त्या दिवशी चीर होती की नव्हती.
मला विचारा, पगाराच्या तारखेला दुपारी अडीचला
पैसे नेमके कुठे अडकतात.
मी डिसूझांना फोन करीन.
त्या जुन्या यंत्राची भाषा त्यांनाच येते.
मार्चमध्ये ते निवृत्त होऊन वसईला
चिकूला पाणी घालत बसणार आहेत.
माझ्या आराखड्यात एकशे बारा चौकोन आहेत.
डिसूझांचा एकही नाही.

आणि नापास?
ती करू शकते नापास.
गेल्या श्रावणात एका श्रीखंडवाल्याचं प्रमाणपत्र
तिच्या सहीने भिंतीवरून उतरलं.
तो जिन्यात बसून रडला, ही रिक्षात.
माझ्या चौकटीत कुणी नापास होत नाही.
'परिपक्वता: पातळी दोन' असं लिहितो
आणि सगळे टाळ्या वाजवून समोसे खातात,
कुठल्या तेलातले, ते न विचारता.

पण आज तिचा आवाज बसला होता.
शीतगृहाच्या दारावर तापमानाचा तक्ता,
दर दोन तासांनी नोंद.
उणे अठरा. उणे अठरा. उणे सतरा पूर्णांक आठ.
(खरं वाटावं म्हणून मध्येच तो पूर्णांक आठ.)
सही: प्र. म. तांडेल.
आज बुधवार.
तक्ता शुक्रवार रात्रीपर्यंत भरलेला.

तांडेल असेल तेवीस-चोवीसचा.
दोन दिवस गावदेवीच्या जत्रेला जायचं होतं,
मागे कुणी लिहिणार नाही, कोरे रकाने राहतील,
म्हणून बिचाऱ्याने इमानदारीत
सगळं आधीच लिहून ठेवलं.
"मॅडम, तापमान बदलतच नाही ना पण."
तिने लिहिलं: गंभीर त्रुटी.
लिहिताना पेन दोनदा थांबलं म्हणाली.

मला हसू यायला हवं होतं.
ताट सरकवून लॅपटॉप उघडला.
उद्या संचालकांपुढे माझं सादरीकरण.
'अपेक्षित स्थिती', तीन वर्षांनंतरची:
सगळे थर जागच्या जागी, सगळे बाण पोचलेले,
दुपारी अडीचला कुठेच काही अडकत नाही.
मध्ये एक छोटासा तांबडा ठिपकाही ठेवलाय,
खरं वाटावं म्हणून.

उल्का मागे येऊन उभी राहिली.
हाताला आमटीचा वास.
बराच वेळ पडद्याकडे बघत होती.
"हे कधी मोजलंस?"

आणि उत्तरासाठी न थांबता
उरलेली आमटी फ्रिजमध्ये ठेवायला गेली.
डब्याच्या झाकणावर चिकटपट्टी,
पट्टीवर तिच्या अक्षरात: बुधवार.