हत्तीचे कान

लुसिला पुएताते शिडी खांद्यावर घेऊन येते
तेव्हा ज्वालामुखीचं टोक अजून धुक्यात असतं
आणि दफनभूमीतले सायप्रस
रात्रीतून किंचित झाड झालेले असतात.

इथं विषुववृत्तावर
झाडांना वाढायला कुठलाच महिना वर्ज्य नाही,
म्हणून तिलाही सुट्टी नाही.
कमानी, घुमट, दोन देवदूत, चोच मिटलेला पोपट,
आणि फाटकाशी हा हत्ती.

तिच्या वडिलांनी तो काडेपेटीवरच्या चित्रावरून कातरला.
एवढ्या उंचावर हत्ती कुणी पाहिला होता?
गाढवं पाहिली होती,
म्हणून पाय जरा गाढवाचे आले
आणि कान काडेपेटीत मावतील एवढेच.
गाव हसलं.
नगरपालिकेचा कारकून म्हणाला, डॉन एलियासेर, हे डुक्कर का?
वडील म्हणाले, थांबा की. मोठं होऊ द्या.

त्यांना पुरलं त्याच्या दुसऱ्या दिवशी
ती कात्री घेऊन आली. कुणी सांगितलं होतं यायला?
हात दुःखानं जड होता म्हणा,
की रागानं. तिला आजही ठरवता येत नाही.
पातं पाठीत खोल गेलं,
पार तपकिरी लाकडापर्यंत.

सायप्रसचं असं असतं:
हिरव्यात कापलं तर विसरतो,
लाकडात कापलं तर
तिथं पुन्हा पान धरत नाही.
एकोणीस वर्षं झाली.
भोकात आता एक चिमणी राहते,
बाहेर निघाली की वाटतं
हत्तीला काहीतरी आठवलं.

परवा विल्मेर, नवा पोरगा, मोबाइल घेऊन आला.
बघा मावशी, खरा असा असतो.
तिनं हातमोजा काढला, काच पुसली, बघत राहिली.
कुठल्याशा तळ्याकाठी
एक भलंमोठं राखाडी जनावर
सुपासारखे कान हलवत उभं होतं.

हा हलतो, ती म्हणाली.
मग बऱ्याच वेळानं:
आमचाही हलतो. तुला दिसत नाही एवढंच.

विल्मेर म्हणाला, कान वाढवू या?
तिनं सुतळी ताणून सोंडेची रेघ धरली,
एक फांदी काढली, दुसरी राहू दिली,
शिडी दोन हात सरकवली.
उत्तर द्यायचं विसरली असं त्याला वाटलं.

दुपारी कातरण गोळा करताना बोलली:
आजपासून कानांना कात्री लावायची नाही.
किती दिवस?
तुझ्या मिशा पांढऱ्या होईपर्यंत.
त्यानं ओठावरून बोट फिरवलं,
तिथं अजून काही नव्हतं.

संध्याकाळच्या बसमध्ये
तिच्या बाह्यांना राळेचा वास येत होता.
शेजारच्या बाईनं विचारलं, कोण गेलं?
कुणी नाही, लुसिला म्हणाली,
आणि नखातली हिरवी रेघ
दुसऱ्या नखानं काढत बसली.