थेस्सालोनिकीहून मालन वन्सं

मालन वन्सं ग्रीसला जाऊन आल्या.
बेचाळीस माणसं, आठ दिवस, आचारी सोबत.
रविवारी रंकाळ्याच्या कठड्यावर बसून
फोनमधलं ते गाव मला दाखवत होत्या.
नाव तीनदा अडलं. चौथ्यांदा म्हणाल्या, थेस्सालोनिकी,
आणि वर भेळेचा घास घेतला.

हा बघ पांढरा बुरूज. पांढरा न्हाई तसा.
घाटावरची दीपमाळ चांगली फुगवली, की झाला.
ही कमान, कुठल्या राजानं लढाई मारली त्याची;
खाली पोरंपोरी एकमेकांची वाट बघत उभी,
आपल्या बिंदू चौकात असतात तशी.
हे चर्च. छताला सोन्याचे तुकडे.
बघून बघून मान धरली, बाम लावला.
आणि इथं मेट्रोसाठी खणाय गेले,
तर खाली गावच निघालं, रस्त्यासकट!

आपल्या ब्रह्मपुरीत निघालं तसं, मी म्हटलं.
वन्सं म्हणाल्या, काय निघालं?

जन्म शुक्रवार पेठेतला.
ब्रह्मपुरीची टेकडी घरातनं हाकेच्या अंतरावर.

मग खाण्याचं. आचाऱ्यानं त्या रात्री पिठलं टाकलं,
तर या आणि इचलकरंजीच्या एक बाई
हॉटेलातनं मागच्या दारानं बाहेर.
बंदराजवळ खानावळ. शिंपल्यांचा भात,
कोळशावरची मासळी, वर नुसतं लिंबू आणि तेल.
चव हाय गं, पण कुठंतरी राहिल्यागत वाटतं.
म्हणून पर्समधली कांदा-लसूण चटणी काढली.
म्हातारा खानावळवाला बघत होता.
त्यानं बोटावर घेतली, जिभेला लावली,
डोळ्यांतनं पाणी, तरी परत बोट पुढं.
मग त्यानं बडीशेपेच्या वासाचं काहीतरी आणलं,
पाणी घातलं की दुधासारखं होणारं.
प्यालात?
वास घेतला, म्हणाल्या.
थोड्या वेळानं म्हणाल्या, दोनदा.

सोमवारी म्युझियम बंद.
मंगळवारी वन्सं आल्या, तिकीट हट्टानं काढलं.
मी खिडकी शेजारणीवर टाकली
आणि त्यांना काचेपाशी नेलं:
वीतभर पितळी देव. समुद्राचा, ग्रीकांचा.
दाढी, उघडं अंग, एक हात वर,
त्यात धरलेलं जे होतं ते कधीच गेलं.
तेवीस वर्षं ही काच मी रोज बघते.
आमचे हे उद्यमनगरात फाउंड्रीला.
लग्नानंतर एकदाच आले होते, बराच वेळ वाकून राहिले,
मला वाटलं, हात जोडतील.
म्हणाले, मेणाचं काम आहे. एक ब्लोहोल नाही.
त्यांच्या तोंडून मी ऐकलेली
ती सगळ्यात मोठी स्तुती.

वन्सं गप्प होत्या.
मग म्हणाल्या, हा कसा आला गं इथं,
व्हिसाबिसा नसताना?
जहाजानं, मी म्हटलं. मग बैलावरनं घाट चढून.
किती वर्षांपूर्वी?
दोन हजाराच्या आसपास.
आणि मी आठ दिवसांत परत आले, म्हणाल्या,
आणि स्वतःशीच हसल्या.

जाताना पर्समधनं एक छोटी बरणी दिली.
हिरवी फळं, बोराएवढी, खारात बुडवलेली.
दुपारी डब्यात काल रात्रीचा तांबडा रस्सा होता,
भाकरी, मुळ्याची चकती. त्यात एक टाकून बघितलं.
कडू. मग खारट. मग नुसतंच खारट, खूप वेळ.
आमच्या गावाला समुद्र नाही.
तो घाटाखाली, चार तास लांब,
उलट्या होतात म्हणून मी आयुष्यात दोनदा गेलेले.
तरी तोंडात होता.

बी थुंकायला उठले, टोपली लांब.
एक शाळा आली, साठ पोरं, सवलतीचं तिकीट,
बाईंकडं सुट्टे नाहीत.
बी कधी गल्ल्यात पडली कळलं नाही.
संध्याकाळी हिशेब जुळवताना
दोन रुपयांच्या नाण्यांत सापडली.
काढली, पुसली,
आणि परत तिथंच ठेवली.